जुन्या दर्याकथा पुन्हा छापायच्या आहेत? आधी पंचांग काढा

प्रश्न थोडक्यात असा. गिरगावातली आजोबांची खोली रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंकेत समुद्रावरच्या साहसकथांचा गठ्ठा निघाला. सन १९४० ते १९६०च्या दरम्यानच्या, शंभरेक पानांच्या पुस्तिका, पिवळा पडलेला कागद, मुखपृष्ठावर बुडतं जहाज आणि पिस्तूल रोखलेला नायक. त्या आजच्या वाचकांसाठी छापाव्यात, निदान ऑडिओ तरी करावा, अशी इच्छा आहे. मग भाषा बदलायची का? हक्कांचं काय? आणि मुळात हे कोण वाचणार?

जुन्या लोकप्रिय कथांचं संपादन हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. वाचतील, पण ‘आमच्या लहानपणी’ म्हणून नाही. लहानपणी या पुस्तिका भाड्याने आणून वाचलेली पिढी आता सत्तरीपुढे आहे. ती कौतुक करील, दोन आठवणी सांगील, आणि प्रती तिच्या मुलांनाच भेट द्याव्या लागतील. विकत घेणारा वाचक तिशीतला आहे. त्याला आजोबांच्या काळाशी देणंघेणं नाही, पुढच्या पानावर काय होतं एवढंच हवं आहे. तेव्हा जुनेपणाच्या भांडवलावर हा व्यवहार उभा करू नका. ‘सुवर्णकाळातील दुर्मीळ ठेवा’ असं मुखपृष्ठावर छापलंत, तर पुस्तक कपाटात जाईल आणि तिथेच राहील.

मग या कथांत आजही जिवंत काय आहे? नायक तर नाही. तो बहुतेक वेळा गोरापान, अविवाहित, बलदंड आणि कंटाळवाणा असतो. खलनायकही नाही. जिवंत आहे ते समुद्राचं घड्याळ. भरती कुणासाठी थांबत नाही, वारा पडला की गलबत जिथल्या तिथे उभं राहतं, आत पाणी शिरायला लागलं की ते उपसणाऱ्या हातांपेक्षा वेगाने चढतं. चांगल्या दर्याकथेत माणसाचं भांडण शेवटी या घड्याळाशी असतं. जुन्या लेखकांपैकी ज्यांना हे कळलं होतं त्यांच्या कथा आजही पळतात. ज्यांनी समुद्र म्हणजे नुसता निळा पडदा समजला, त्यांच्या कथा कितीही पॉलिश केल्या तरी उठत नाहीत. गठ्ठ्यातून निवड करताना माझी कसोटी हीच असते. समुद्र काढून कथा कर्जतच्या जंगलात नेली तर ती तशीच चालते का? चालत असेल तर बाजूला ठेवा.

आता पंचांगाची गोष्ट. आपल्याकडे कोळीवाड्यात आणि कोकणपट्टीत भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि रात्री साडेअकरा-बाराच्या आसपास. मध्ये सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला पक्कं नाही, पण कथा तपासायला पुरेसं आहे.

एक नेहमीचा प्रसंग घ्या, या जातीच्या कथांत मी तो वेगवेगळ्या वेशात पाहिला आहे. अमावास्येची काळीकुट्ट मध्यरात्र, माहीमची खाडी, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातून चोरटे सोन्याच्या पेट्या वाहून नेताहेत. ऐकायला झकास. पण अमावास्येच्या मध्यरात्री मुंबईत उधाणाची भरती असते. उधाणाला पाण्याची पातळी पाच मीटरच्या आसपास जाते. तिथे चिखल दिसणार नाही, चोरटे गळ्याएवढ्या पाण्यात असतील. वरळीचा किंवा वर्सोव्याचा कुणीही वाचक हे वाचून पुस्तक मिटेल, आणि ते योग्यच आहे.

दुरुस्ती मात्र मजेदार आहे. तिथी शुक्ल अष्टमीवर न्या. संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. चिखल मिळाला. शिवाय शुक्ल अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. म्हणजे चोरट्यांना अंधार मिळतो तो अगदी पाणी उलटायच्या वेळी! चंद्र असेपर्यंत बाहेर पडता येत नाही, चंद्र मावळला की पाणी चढायला लागतं. वर हे भांगाचे, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीचे दिवस, पाणी फार खालपर्यंत उतरतही नाही, त्यामुळे चिखलाची वाट अरुंद. मूळ लेखकाला जो ताण दहा उद्गारचिन्हांनी आणावा लागला होता तो एका तिथीने आपोआप येतो. अशी दुरुस्ती हाती लागली की मी चहा मागवतो.

हंगामाचंही तसंच. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत शिडाची गलबतं किनाऱ्याला ओढलेली असायची, कोकणची आगबोटही पावसाळ्यात बंद असे. जुलैत रत्नागिरीहून मालाने भरलेलं गलबत निघालं असेल, तर ते का निघालं याला कथेत जबरदस्त कारण हवं. आणि वादळ हवं असेल तर ते ऐन पावसाळ्यातच हवं असंही नाही. अरबी समुद्रातली चक्रीवादळं बहुतेक करून पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे येतात. ‘विजली’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिलेली ‘वैतरणा’ आगबोट बुडाली ती नोव्हेंबर १८८८मध्ये. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी गेल्या, ११ नोव्हेंबर १९२७ला. तौक्ते मे २०२१मध्ये आलं, आणि मुंबई हायजवळ बुडालेल्या पी-३०५ बार्जच्या बातम्या आजच्या वाचकाने स्वतः पाहिल्या आहेत. ‘समुद्र आता कुणाला कळतो?’ असं म्हणणाऱ्यांना मी ही एवढी एक गोष्ट सांगतो.

‘रामदास’बद्दल मात्र हात राखून. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईत आणि रायगडात अशी घरं अजून आहेत की जिथे ती तारीख पाळली जाते. तुमच्या गठ्ठ्यातली एखादी कथा त्या प्रसंगावरून उचललेली असेल, तर नाव बदलून रंजक केलेला तो प्रसंग मी तरी छापणार नाही.

आता भाषा. इथे आधी एक निर्णय घ्या आणि तो सोडू नका: तुम्ही जुनी कथा जतन करताय की तिच्यावरून नवी करताय? दोन्ही चालतं, सरमिसळ चालत नाही. जतन करायची तर शब्द हलवायचा नाही. फार तर लेखन आजच्या नियमांप्रमाणे करा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधीच्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘केलें’ असतं. तिशीतला वाचक त्याला अडखळतो, म्हणून मी ते अनुस्वार काढतो आणि तसं प्रस्तावनेत सांगतो. ‘टाकिलें’चं ‘टाकले’ होतं, पण ‘वदला’चं ‘म्हणाला’ होत नाही. ती लेखकाची निवड आहे.

रूपांतर करायचं तर मात्र कात्री हवी. अमेरिकेतल्या स्वस्त, सनसनाटी ‘पल्प’ मासिकांत शब्दावर पैसे मिळायचे, म्हणून तिथे पाल्हाळ. आपल्याकडे ठरावीक फर्मे, म्हणजे छपाईतले पानांचे ठरलेले गट, भरायचे म्हणून पाल्हाळ. कारण वेगळं, फळ एकच. नमुना म्हणून त्या शैलीतला एक उतारा मीच रचून देतो:

‘अहाहा! काय ती भीषण रात्र! काळ्याकुट्ट मेघांनीं आकाश व्यापून टाकिलें होतें. विजा कडाडत होत्या. खवळलेला सागर जणूं कालपुरुषाप्रमाणें जबडा पसरून त्या इवल्याशा गलबतास गिळूं पाहात होता. तांडेल म्हणाला, “धनी, पाणी घोट्याएवढें झालें.” परंतु शूर विक्रमसिंहाच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेशहि नव्हता!’

यात कामाचं वाक्य एकच आहे, तांडेलाचं. बाकीचं सगळं वाचकाने शंभरदा वाचलंय. मी हा परिच्छेद ‘धनी, पाणी घोट्याएवढं झालं’ इथून सुरू करीन, आणि मग पुढच्या चार पानांत पाणी कुठवर आलं ते शोधीन. बहुधा लेखक ते विसरलेला असतो. त्याने एकदा पाणी आणलं, मग द्वंद्वयुद्ध सुरू केलं, आणि युद्ध संपेपर्यंत गलबत कोरडं ठणठणीत. ते पाणी परत आणायचं. घोटा, गुडघा, मांडी. मधे तलवारी चालू द्या, पण दर पानाला कुणीतरी खाली बघायला हवं. विक्रमसिंह घाबरला नाही हे सांगायचीही गरज उरत नाही.

बोटीवरच्या शब्दांना घाबरू नका. सारंग, तांडेल, सुकाणी, शीड, डोलकाठी, नांगर, मचवा, पडाव, मतलई वारा… हे शब्द आपलेच आहेत, आणि वाक्याचा रोख नीट असेल तर न कळणारा वाचकही तरून जातो. फक्त एका पानात सहा नको. तळटीपा तर नकोच. ऐन लढाईत ‘पडाव: एक प्रकारची होडी’ वाचायला कुणी खाली उतरत नाही.

इथे एक अवघड जागा आहे आणि ती टाळून चालणार नाही. यातल्या बऱ्याच कथा इंग्रजीवरून उतरवलेल्या असतात. कप्तानाचा रघुनाथराव होतो, लंडनचं गिरगाव होतं, पण बोटीवरचे खलाशी तसेच राहतात: बिनचेहऱ्याचे, अंधश्रद्धाळू, संकट आलं की आधी किंकाळी फोडणारे. मूळ इंग्रजीत ते ‘लास्कर’ होते, म्हणजे आपलीच माणसं. १९१४च्या सुमाराला ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांच्या घरात हिंदी खलाशी होते. रत्नागिरीकडचे दर्यावर्दी डेकवर, गोवेकर भटारखान्यात आणि प्रवाशांच्या सलूनमध्ये. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडांत, म्हणजे गावागावांच्या सामायिक बिऱ्हाडांत, दोन फेऱ्यांच्या मधले दिवस काढणारी ती माणसं जहाज चालवत होती, आणि मराठी रूपांतरकाराने साहेबाचा चष्मा न काढता त्यांना पुन्हा गर्दीत ढकललं. सिद्दी आला की राक्षस, कोळी आला की विनोद, बाई आली की सोडवून आणायची वस्तू. जतन-आवृत्तीत हे पुसू नका. पुसलं तर आपण वाचकाला फसवतो, आणि तो काळ होता त्यापेक्षा सज्जन दिसतो. प्रस्तावनेत सरळ लिहा. रूपांतरात मात्र मोकळीक आहे आणि ती वापरा. पाणी घोट्याएवढं झाल्याचं ज्या तांडेलाला आधी कळलं, त्याच्या नजरेतून कथा सांगून बघा. मला तर बरेचदा त्यातच खरी कथा सापडते.

दुसऱ्या बाजूचाही चष्मा तपासा. इंग्रजी साहसकथेत कान्होजी आंग्रे म्हणजे समुद्री चाचा, आपल्यासाठी मराठी आरमाराचे सरखेल. मराठी कथाकार मग भरपाई म्हणून त्यांना देव करून टाकतो, आणि देवाला अडचण येत नाही, म्हणून कथा मरते. खरा झगडा दस्तकाचा होता: या किनाऱ्यावरून जायचं तर आंग्र्यांचा परवाना घ्या, आणि इंग्रज तो मानायला तयार नाहीत. एक गलबत, एक कागद, दोन सत्ता. यावर आजही कुणी नवी कथा लिहावी. तपशील मात्र सांभाळा. खांदेरीचं दीपगृह १८६७चं आहे, प्रॉन्ग्सचं १८७५चं. शिवकालीन तांडेलाला त्यांचा उजेड दिसता कामा नये.

हक्कांचं थोडक्यात, कारण इथे मतांना जागा नाही. पुस्तक जुनं आहे, प्रकाशन बंद पडलंय, म्हणून ते बेवारस होत नाही. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. लेखक १९६५मध्ये गेला असेल तर १ जानेवारी २०२६पासून मजकूर मोकळा. बाबूराव अर्णाळकर १९९६मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रहस्यकथा १९४२च्या असोत की १९७२च्या, २०५६ संपेपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. टोपणनावाने छापलेलं असेल आणि खरं नाव कधीच उघड झालं नसेल, तर प्रकाशनापासून साठ वर्षं. मुखपृष्ठाच्या चित्राचा हक्क वेगळा, तो चित्रकाराचा किंवा पैसे देऊन चित्र काढून घेणाऱ्या प्रकाशकाचा. कोपऱ्यातली सही भिंगाने वाचा. इंग्रजीवरून उतरवलेली कथा असेल तर मूळ लेखकाचाही हिशेब करा. विल्यम होप हॉजसनसारखा स्वतः दर्यावर्दी असलेला लेखक १९१८मध्ये युद्धात मारला गेला, त्याचं लेखन केव्हाच मोकळं झालंय. मालक शोधूनही सापडत नसेल तर कलम ३१-अ खाली परवाना मागता येतो. आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, आणि वाट लांबची आहे. त्याआधी ‘मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालया’त त्याच लेखकाची बाकीची पुस्तकं काढून बघा. एखाद्या अर्पणपत्रिकेत किंवा प्रस्तावनेत गावाचं, भावाचं नाव मिळतं आणि वारस सापडतात. बहुतेक वारस खूश होतात. मानधन कबूल करा, लेखी करा.

प्रत्यक्ष पुस्तिकांबद्दल: या कागदात लाकडाचा लगदा आहे, तो आम्लामुळे स्वतःच जळत जातो, आणि मुंबईची हवा त्याला मदत करते. पावसाळ्यात ट्रंक उघडून पसरू नका. जानेवारी-फेब्रुवारीत करा. गंजलेल्या पिना ओढून काढू नका, आतल्या बाजूने टोकं सरळ करून मग सोडवा. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. चपट्या स्कॅनरवर पुस्तिका दाबली की कणा तुटतो, त्यापेक्षा वरून कॅमेरा आणि दोन्ही बाजूंनी तिरका उजेड. मग अक्षरओळख (ओसीआर), म्हणजे पानाच्या फोटोतून यंत्राने मजकूर काढणं. खिळ्यांच्या छपाईत मात्रा तुटलेल्या असतात, यंत्र ‘घ’चा ‘ध’ आणि ‘ष’चा ‘प’ करतं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ पानावर बोट ठेवायचं, याला पर्याय मला अजून मिळालेला नाही. ज्येष्ठ वाचक इथे उपयोगी पडतात. त्यांना तो शब्द काय असणार हे पान न बघता कळतं.

ऑडिओ म्हणाल तर या कथांना तोच सगळ्यात मानवतो, कारण मुळात त्या प्रकरणाच्या शेवटी ओढ लावून थांबायला लिहिलेल्या आहेत. लोकलच्या एका प्रवासात संपेल असा वीस-पंचवीस मिनिटांचा भाग ठेवा. वाचणारा एकच असू द्या, नाट्यमय पात्रयोजना महाग पडते आणि बहुधा फसते. आणि लाटांचा आवाज! प्रत्येक नवा निर्माता पहिल्या सेकंदापासून लाटा लावतो. लाटांचा आवाज म्हणजे सगळ्या पट्ट्यांत पसरलेली खरखर. त्यात ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ बुडतात, फाइल लहान केली की तर नुसती फसफस उरते. ऐकणारा आधीच लोकलच्या खडखडाटात उभा आहे. लाटा प्रसंग बदलताना दोन-तीन सेकंद, बस्स. गलबताच्या लाकडाची करकर आणि दोराचा ताण त्याहून चांगलं काम करतात, तेही शांततेच्या जागी.

मुखपृष्ठ भडक ठेवा. सभ्य केलंत तर कुणी उचलणार नाही.

सुरुवात सगळ्या गठ्ठ्याने करू नका. ज्यांचे हक्क स्पष्ट आहेत अशा पुस्तिका वेगळ्या काढा. त्यातून एकच निवडा, अशी की जिचं निम्म्याहून अधिक कथानक पाण्यावर घडतं आणि जिच्यात खलाश्यांना कामं आहेत. पहिली दोन प्रकरणं टाइप करून भाऊच्या धक्क्यावर कामाला जाणाऱ्या कुणाला, मर्चंट नेव्हीतल्या एखाद्या नातेवाइकाला, आणि समुद्राशी काही संबंध नसलेल्या विशीतल्या एका मुलीला वाचायला द्या. पहिले दोघे जिथे हसतील तिथे तपशील चुकलाय. मुलगी जिथे मोबाइल उचलेल तिथे कात्री लावा. मग तिसरं प्रकरण टाइप करायला घ्या.